मृगाचं बाळंतपण

आषाढी एकादशीला आमच्या गावातल्या बायका महादेवाच्या मंडपात जमून चातुर्मासाचे नेम सांगतात. कुणी वांगं सोडतं, कुणी लाख वाती वळायच्या धरतं, कुणी अनवाणी राहतं. मागच्या वर्षी एकीनं टीव्हीवरच्या मालिका सोडल्या आणि श्रावण सरायच्या आत तिच्या सासूनंच हात जोडून तिला परत टीव्हीसमोर बसवलं. रिकाम्या वेळात सून सासूकडं बघायला लागली होती.

माझा नेम ठरलेला असतो. पहाटे उठल्यापासून सूर्याला अर्घ्य देईपर्यंत मौन. हा नेम ऐकला की बायका हसतात, कारण त्यांच्या मते मी एरवीही मौनातच असते. माझा आवाज बारीक आहे हे खरं. येडशी स्टेशनावरून रिक्षानं येताना मी "थांबा" म्हणेपर्यंत माझं घर मागं गेलेलं असतं आणि मी निमूट पिशवी घेऊन परत चालत येते. पण बारीक आवाजाच्या माणसाला म्हणायचंच काही नसतं, असं लोक का धरून चालतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तर यंदा मी मौनाला जोडून आणखी एक नेम सांगितला. आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख उमादेवीआक्का कानाला हात लावून पुढं वाकल्या.

"काय म्हणालीस दैवशाला? फोटो? कुणाचा फोटो?"

"तारे जन्माला येतात त्या जागेचा. कार्तिकीच्या आत काढीन आणि महादेवापुढं ठेवीन."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "तारे जन्मतेत व्हय? मला वाटलं आधीपासनंच हायेत."

झालं. देवासमोर शब्द गेला. आता मागं घेता येत नव्हता. चातुर्मासाचा नेम अर्धा टाकणं म्हणजे काय, हे ज्या बायकांना कळतं त्यांना कळतं. बाकीच्यांना समजावण्यात अर्थ नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं आमच्या ह्यांनी. हे, म्हणजे बलभीमराव, एसटीच्या डेपोत हेड मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. ह्यांनी पुण्याच्या एका गृहस्थाकडून जुनी दुर्बीण, तिच्याखालचं ताऱ्यांच्या चालीनं फिरणारं मोटारीचं स्टँड आणि एक जुना कॅमेरा आणला. फाल्गुनात एका संध्याकाळी मला गच्चीवर बोलावलं आणि म्हणाले, "बघ." मृग नक्षत्र वर होतं. हरणाच्या पोटात रुतलेला तो तीन ताऱ्यांचा बाण असतो ना, त्याच्या जरा खाली मला दुर्बिणीतून एक पुसट डाग दिसला. पाटीवर खडूचं लिहिलेलं ओल्या बोटानं पुसावं तसा.

"तेजोमेघ आहे तो," हे म्हणाले. "वायूचा ढग. त्याच्यात नवे तारे तयार होतायत. आत्ता, या घडीला."

मी चटकन हात जोडले. हरणाच्या पोटाशी, एवढ्या लांब, कुणी बघत नसताना बाळंतपण चाललंय! मला गहिवरून आलं. ह्यांना वाटलं मला थंडी वाजतेय, मफलर दिला.

आणि ज्येष्ठात ह्यांची मान धरली. धाराशिवच्या डॉक्टरांनी पट्टा घातला आणि वर बघायची बंदी केली. आयुष्यभर बसच्या खाली उताणं पडून वर बघितलं तेव्हा काही झालं नाही. चार महिने आभाळाकडं बघितलं आणि मणका सरकला. दुर्बीण गच्चीवरच्या खोलीत गोधडीखाली पडून राहिली. मृग उगवतो चातुर्मासात पहाटेचा, आणि आमच्या गल्लीत पहाटे नेमानं उठणारी मी एकटी. देवाचा इशारा यापेक्षा स्पष्ट काय असतो?

श्रावण-भादवा पावसात गेला. तेवढ्यात मी दुर्बीण जुळवायला शिकले. हे खाटेवरून शिकवायचे आणि मी पिठाच्या हातानं वहीत काढून घ्यायचे. सगळ्यात आधी स्टँडचा कणा ध्रुव ताऱ्याकडं रोखावा लागतो, म्हणजे मोटार आभाळाबरोबर नीट फिरते. हे ऐकून मला फार बरं वाटलं. कुठलंही काम ध्रुवबाळाला नमस्कार करून सुरू होत असेल तर ते वाईट असूच शकत नाही.

पाऊस उघडला त्या पहिल्या संध्याकाळी मी ध्रुव शोधायला गच्चीवर गेले. आपल्याकडं ध्रुव फार वर नसतो, झाडांच्या शेंड्यांच्या जरा वरच असतो. आणि माझ्या ध्रुवाच्या जागी शेजारच्या धोंडप्पाची पाण्याची काळी टाकी होती.

धोंडप्पा मनानं चांगला माणूस. मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा धंदा करतो, त्यामुळं तो कानात बोलला तरी चौकात ऐकू जातं.

"काकू, दुसरा तारा धरा की," तो त्याच्या गच्चीवरून म्हणाला. "आभाळात काय कमी हायेत?"

"ध्रुव एकच असतो हो धोंडप्पा."

"मग माझी टाकी तरी एकच हाय की!"

मी दुर्बीण गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवली, जिथं मी सांडगे वाळत घालते. तिथून ध्रुव लख्ख दिसला. आणि तिथूनच चौकातला हायमास्ट दिवाही लख्ख दिसला. इतका लख्ख, की माझी सावली मागच्या भिंतीवर पडली आणि मी स्वतःलाच दचकले. अशा उजेडात तेजोमेघाचा फोटो म्हणजे भर लग्नाच्या पंक्तीत कुणाच्या तरी कानातलं हळूच पुटपुटणं ऐकायला जाणं.

मी सरळमार्गी बाई. ग्रामपंचायतीत जाऊन अर्ज दिला, की दिवाळीच्या आसपास पहाटे तासभर हायमास्ट बंद ठेवावा. ग्रामसेवक सोमेश हा सालस पोरगा, माझ्या लेकीच्या वर्गातला. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"काकू, हे कशात घेऊ मी? दिवा बंद पडला अशी तक्रार घेता येती. दिवा चालू हाय अशी तक्रार आजवर कुणी केली न्हाय."

"मग नवीन रकाना पाड की बाळा."

"रकाना वरून येतो, काकू."

रकाना कुठून येतो, कोण पाठवतं, हे विचारायचं मनात होतं. पण माझा आवाज त्याच्या टेबलाच्या मध्यापर्यंत पोचून थांबला. सोमेशनं माझ्या तोंडाकडं बघून दया खाल्ली आणि अर्ज 'दिवाबत्तीबाबत तक्रार' या सदरात टाकून दिला. म्हणाला, पुढं कुणीतरी वाचंल, मग तुम्हाला विचारतील, तेव्हा तुम्ही समजावून सांगा.

कुणी वाचला नाही. पण दखल मात्र घेतली गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिडीची गाडी आली. माणसं चढली, बघतात तर सगळे दिवे चालू. आता तक्रार आहे म्हटल्यावर ती मिटवायला तर पाहिजे! त्यांनी आणखी दोन दिवे बसवले. तेही माझ्या घराच्या दिशेनं, कारण तक्रार माझी. खाली उतरून माझी सही घेतली: 'समाधान झाले.' आणि गल्लीतल्या लोकांनी येऊन माझे आभार मानले. "दैवशालाकाकूमुळं उजेड झाला." मी हात जोडून सगळ्यांकडं बघून हसले. इतकं खोटं हसू मी माझ्या लग्नातही हसले नव्हते.

वसुबारसेच्या पहाटे पहिल्यांदा आभाळ मोकळं मिळालं. कोजागिरीपासून पहाटेचा चंद्र आडवा येत होता. तोही आता झिजून पूर्वेला टेकला होता. मी स्नान केलं, भस्म लावलं आणि वर गेले. मौन असल्यामुळं ह्यांच्याशी खुणा ठरवल्या होत्या. हे खाली खाटेवर पट्टा घालून पडून जिन्यातून विचारणार, आणि मी पंचपात्रातल्या पळीनं कठड्यावर वाजवणार: एकदा 'हो', दोनदा 'नाही'.

"ध्रुव घेतलास का?" टण्.

"बाण दिसला?" टण्.

"फोकस झाला?" टण् टण्.

"कामून न्हाय?"

या प्रश्नाला पळीत उत्तर नव्हतं. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर दव साठत होतं. आश्विनातली पहाट, गवत भिजावं तशी काच भिजलेली. घरातल्या बाईनं ओली काच बघितल्यावर जे करायचं तेच मी केलं. पदरानं पुसली. पदराला आमच्या रामलिंग महादेवाचं भस्म लागलेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. त्या पहाटे काढलेल्या प्रत्येक फोटोत प्रत्येक ताऱ्याला दाढी होती. सूर्याला अर्घ्य दिल्यावर ह्यांनी मला जे ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की भिंग पदरानं पुसणारीला नरकात कुठली जागा मिळते हे हेड मेकॅनिक लोकांना नक्की माहीत असतं.

धनत्रयोदशीच्या पहाटे भिंग स्वच्छ, दव कमी, फोकस नेटका. फोटो काढले आणि संगणकावर बघितले. नुसतं ताक. हायमास्टच्या नव्या दोन दिव्यांनी सगळं आभाळ धुऊन टाकलेलं. आणि त्याच सकाळी बातमी, की बंगालच्या उपसागरात काहीतरी बसलंय. लक्ष्मीपूजनापासून आपल्याकडं ढग, नंतर पाऊस, दहाबारा दिवस तरी. कार्तिकी त्याच दिवसांत. म्हणजे हातात उरली एकच पहाट, उद्याची. नरक चतुर्दशी. वर्षातली सगळ्यात काळी पहाट, आणि नेमकी त्याच पहाटे आख्खं गाव दिवे लावून, अंगाला तेल लावून, फटाके हातात घेऊन उठणार.

मी परत सोमेशकडं गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कचेरीत गयावया केली. "बाळा, उद्या पहाटे फक्त. मला अंधार पाहिजे. अमावास्या लागायच्या आत."

कचेरीत त्या वेळी चारपाच माणसं बसली होती, हे मी बघायला हवं होतं. सोमेशच्या हातात काही नव्हतं, त्यानं हात हलवले. पण त्या चारपाच माणसांच्या तोंडात बरंच काही आलं. मी घरी पोचायच्या आत गल्लीत खबर होती: दैवशालाकाकूला अमावास्येच्या तोंडावर अंधार पाहिजे. गुप्तधन खणायलेत. नाहीतर भानामती. काल वसुबारसेला पहाटे त्यांच्या गच्चीवरून टण् टण् आवाज येत होता, आम्ही कानानं ऐकला!

चाळीस वर्षं सोमवार, चतुर्थी, प्रदोष करणारी बाई मी. माझ्या दारावरून जाताना एका पोरीच्या आईनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन करंज्यांचं सारण परतत रडले. सारण जरा खारट झालं असेल. दिवाळीत कुणी काही बोललं नाही.

दुपारी उमादेवीआक्का आल्या. बसल्याही नाहीत.

"खरं सांग. काय करायलीस तू गच्चीवर?"

मी त्यांना पाणी दिलं. आणि एरवी जे मला जमत नाही ते केलं: शेवटपर्यंत बोलले.

"आक्का, तुमच्या सुनेचं बाळंतपण तुमच्या घरी झालं. बाळंतिणीच्या खोलीत तुम्ही काय केलं?"

"काय केलं म्हणजे? दिवा बारीक केला, खिडकीला चादर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातनंच वाटं लावलं."

"का?"

"का म्हणजे? लेकराच्या डोळ्यावर उजेड नको. बाळंतिणीला निवांत पाहिजे."

"मृगाच्या पोटाशी एक जागा आहे, आक्का. तिथं तारे जन्माला येतात. मी बघितलंय. इतका मंद उजेड आहे त्या खोलीत, की आपण चौकात दिवे लावून बसलो तर दिसतच नाही. मला फक्त तेवढा वेळ तिच्या दाराला चादर लावायची आहे. आणखी काही नाही. आणि देवासमोर तुमच्यासमोरच बोलले होते मी."

आक्का पाणी प्यायल्या आणि बसल्या. त्या बसल्या की निकाल लागला असं गल्लीत समजतात.

"हायमास्ट किती उंच हाय?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळपर्यंत निरोप गल्लीभर फिरला, आणि फिरता फिरता जसा व्हायचा तसा झाला. दिवेलागणीला पलीकडच्या म्हाळसाबाईआजी काठी टेकत आल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. ऐंशी पार केलेली बाई, या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातांनी न्हाऊन मोठी झालेली.

"कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कोण, आजी?"

"बाळंतीण. गच्चीवर ठिवलीया म्हणं. पोरी, गारठ्यात गच्चीवर कुणी ठिवतं व्हय? अकला हायेत का न्हाय तुमाला?"

मी त्यांना सगळं परत समजावलं. आजींनी नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "समजलं. पर शेगडी तरी ठिव."

नरक चतुर्दशीच्या पहाटे मी वर गेले तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. आधी आक्का आल्या, मग एकामागून एक बायका. अर्ध्यांनी अंगाला तेल लावलेलं, दोघीतिघींच्या तोंडावर उटणं तसंच, केस मोकळे. प्रत्येकीच्या काखेत गोधडी. कुणी काही बोलत नव्हतं. मी मौनात आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण बाळंतिणीच्या खोलीत बोलायचं नसतं म्हणून त्याही गप्प. आमच्या गल्लीतल्या बायका एका जागी जमून गप्प बसल्या, हे मी सांगितलं तर पुढं कुणी फोटोवरही विश्वास ठेवणार नाही; तरी सांगते.

आक्कांनी हातानं खुणावलं. बायका हायमास्टच्या बाजूला ओळीनं उभ्या राहिल्या आणि गोधड्या डोक्यावर धरल्या. चिंध्या-चिंध्यांच्या, नव्या, जुन्या, एक तर लग्नातली जरीच्या काठाची. माझ्या दुर्बिणीवर अंधार पडला. आभाळ एकदम खाली आल्यासारखं वाटलं. मृग डोक्यावर, बाण झगझगीत, व्याध त्याच्या मागं.

एका कोपऱ्यात फट राहिली होती. तिथून एक पट्टा थेट भिंगावर येत होता. तिथं धरायला उंच माणूस पाहिजे होता.

आणि खालून धोंडप्पाचा आवाज आला, "काकू! काय चाललंय वर? मी सुतळी बॉम्ब लावायलाव, कान झाका!" गल्लीतला पहिला फटाका दर वर्षी धोंडप्पाचा असतो. तो त्याचा मान आहे. पण एक बॉम्ब फुटला तर गच्ची हादरणार आणि धूर वर येणार.

मी मौनात. पळी उचलली आणि कठड्यावर जोरात दोनदा वाजवली. धोंडप्पाला आमच्या खुणा ठाऊक नव्हत्या, तो आणखी वर बघून "आँ?" म्हणाला. तेव्हा उटणं लावलेल्या एका बाईनं कठड्यावरून खाली बघून नुसतं तोंडावर बोट ठेवलं. ती धोंडप्पाची बायको होती. तो बॉम्ब ठेवून वर आला.

"ही काय तऱ्हा झाली? दिवाळी हाय का सुतक?" तो कुजबुजला. म्हणजे त्याच्या मते कुजबुजला.

आक्कांनी त्याच्या हातात जरीकाठाची गोधडी दिली आणि कोपऱ्याकडं बोट केलं. गल्लीतला सगळ्यात उंच माणूस तोच. आयुष्यभर मंडपाचे पडदे बांधलेला गडी, गोधडी ताणून अशी धरली की फट मिटली. फक्त एकदा त्यानं विचारलं, "किती वेळ धरायची?" त्याच्या बायकोनं त्याच्याकडं बघितलं. पुन्हा विचारलं नाही.

"चालू केलंस का गं?" खालून हे ओरडले. टण्.

कॅमेरा उघडायचा, अर्धा मिनिट तसाच राहायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. एका फोटोत तेवढा उजेड मावत नाही. अनेक काढून संगणकात एकावर एक रचावे लागतात, पोळ्यांची चळत लावावी तसे. मी ओंजळ धरून उभी. मनात रामलिंगाचा जप.

मग मला दिसलं, भिंगाच्या कडेला पुन्हा दव साठतंय. पदरावर भस्म नव्हतं, तरी हात मागं ओढून घेतला. काय करावं सुचेना. बोलता येत नाही, पुसता येत नाही. मी नुसतं बोट दाखवलं. म्हाळसाबाईआजी काठी टेकत जवळ आल्या, वाकून बघितलं आणि कुजबुजल्या, "पडसं झालंय की गं ह्याला."

आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी कोपऱ्यातल्या शेगडीवर गरम करून ठेवलेली फडक्याची घडी दुर्बिणीच्या गळ्याभोवती गुंडाळली. लेकराच्या छातीला शेक देतात तशी, वरून लोकरीचा कानपट्टा बांधून. माझा जीव अर्धा झाला. पण बघते तर दव मागं सरकायला लागलं. कडेकडून आत, हळूहळू, काच मोकळी झाली. आजींनी दुसरी घडी गरम करायला ठेवली. त्या पहाटे माझ्या दुर्बिणीला जेवढा शेक मिळाला तेवढा या गल्लीत कुठल्या पोराला मिळाला नसेल.

नंतर हे मला म्हणाले, की परदेशात याच कामासाठी विजेवर गरम होणारा पट्टा मिळतो. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "पट्टा? त्यांच्यात म्हाताऱ्या न्हाईत व्हय?"

तांबडं फुटलं. मृग पुसट झाला. मी कॅमेरा मिटवला, बायकांनी हात खाली घेतले, आणि सगळ्यांनी एकदम दंड चोळले. सूर्याची पहिली कड दिसल्यावर मी अर्घ्य दिलं. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हणाले, "झालं."

"काय झालं?" म्हाळसाबाईआजी म्हणाल्या. "पोरगा का पोरगी?"

मग मात्र गच्चीवर जो हलकल्लोळ झाला, तो पहाटेपासूनचा सगळा साठलेला होता. धोंडप्पानं खाली जाऊन बॉम्ब लावला. तो फुसका निघाला. दव त्यालाही लागलं होतं.

हे दुपारपर्यंत मान ताठ ठेवून संगणकासमोर बसले. काही फोटो गेले, त्यांत कोपऱ्यात गोधडीची किनार आली होती. उरलेले एकावर एक चढत गेले तसं पडद्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. पुसट डाग नव्हे. गुलाबी. जास्वंदीचं फूल दुधात बुडवून काढावं तसा रंग, कडेला निळसर धूर. आणि अगदी मधोमध, सगळ्यात उजळ जागी, चिकटून बसलेल्या चार बारक्या चांदण्या.

"हेच नवे," हे हळू म्हणाले. ह्यांचा आवाज असा मी लेकीच्या जन्माला ऐकला होता.

बायका बघायला आल्या. "एका खेपेला चार!" म्हाळसाबाईआजींनी कानशिलावर बोटं मोडली. फोटो एका बाजूला जरा ओढल्यासारखा आलाय. ध्रुव माझ्या हातून केसभर हुकला असावा. जाणकार माणूस लगेच ओळखेल. पण माझ्या घरच्या गच्चीवरून, हायमास्टच्या नाकासमोर बसून, आमच्या गल्लीच्या गोधड्यांच्या आड काढलाय. मला तो ओढलेपणासकट आवडतो.

लक्ष्मीपूजनाला ढग आले आणि पाऊस लागला. मी शांत होते. फोटो हातात होता.

शांतता टिकली दोनच दिवस. मग माझ्या लक्षात आलं, की फोटो माझ्या हातात आहे, पण तोंडात दुसऱ्याच्या आहे. भाऊबीजेला ह्यांनी मेव्हण्यांना सांगितलं, "आमचा फोटो." पाडव्याला गल्लीच्या मोबाइलवरच्या गटात निरोप त्याआधीच गेला होता, त्यात "बलभीमरावांचे हार्दिक अभिनंदन" आणि वीसपंचवीस अंगठे. धाराशिवला चौकट करायला दिला तर चौकटवाल्यानं फोनवर ह्यांनाच विचारून खाली सोनेरी अक्षरांत ह्यांचं नाव टाकलं. ह्यांचाही दोष म्हणवत नाही. लोक विचारत गेले आणि "आमचा"चा "माझा" कधी झाला, हे ह्यांनाही कळलं नसावं. मी स्वतःला समजावलं: दैवशाला, नाव कशाला पाहिजे? अहंकार बरा नव्हे. समजावलं, आणि पुरणात दोनदा वेलदोडा घातला.

कार्तिकीला पाऊस थांबला. महादेवाच्या मंडपात बायका जमल्या, पुरुषही आले. माईक धोंडप्पाचा. एकेक बाई उठून सांगत होती, वाती झाल्या, अनवाणी राहिले, वांगं खाल्लं नाही. चौकट पिंडीसमोर ठेवली होती, कुंकू लावून. उमादेवीआक्का चौकटीखालची सोनेरी अक्षरं वाचून माईकवर म्हणाल्या, "आता आपल्या दैवशालाचा नेम. बलभीमरावांनी एवढ्या दुखण्यात हा सुंदर फोटो काढला आणि दैवशालानं त्यांना साथ दिली, म्हणून—"

साथ.

मी उठले. देवासमोर खोटं गप्प बसणंही खोटंच. नेम पुरा झाला की नाही, हे महादेवाला सांगायचं असतं, आणि ते जिचा नेम तिनंच. आक्कांच्या हातातून मी माईक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा घेतला; वाटला त्यापेक्षा जड निघाला.

"नेम माझा होता," मी म्हणाले. "फोटो मी काढला."

मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "काय म्हणाली?"

धोंडप्पानं यंत्राजवळून मान वर केली. "काकू, आवाज येत न्हाय. परत बोला." आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"फोटो मी काढला!"

मंडपाच्या चारी कर्ण्यांतून, देवळाच्या शिखरावरून, चौकातून, स्टेशनाच्या रस्त्यापर्यंत माझा आवाज गेला. पिंपळावरचे बगळे उडाले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग चौकटीकडं बघितलं, आणि पदराच्या टोकानं खालची सोनेरी अक्षरं झाकून टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. ह्यांनी सगळ्यात जास्त वेळ वाजवली.

मी माईक परत द्यायला हवा होता. सगळ्यांनी ऐकलं होतं. महादेवानंही ऐकलं असणार. तिसऱ्यांदा म्हणायची काहीएक गरज नव्हती.

तरी म्हणाले.